नमस्कार, तालीम आणि नौली: १९३० च्या दशकातला महाराष्ट्र व्यायामाकडे कसा वळला

आज सूर्यनमस्कार म्हटले की योगासनांचा वर्ग डोळ्यांसमोर येतो. १९३० च्या दशकात मात्र सूर्यनमस्कार आणि योग या दोन निराळ्या गोष्टी मानल्या जात. मुंबईत १९१८ साली ‘द योग इन्स्टिट्यूट’ स्थापन करणाऱ्या श्रीयोगेंद्र यांचा तर सूर्यनमस्काराची योगाशी सरमिसळ करण्याला उघड विरोध होता. म्हैसूरच्या राजवाड्यात सूर्यनमस्काराचा वर्ग आणि कृष्णम्माचार्यांची योगशाळा जवळजवळ असूनही स्वतंत्रपणे चालत. तालमीत मेहनत करणारा पैलवान, घरी सतरंजीवर नमस्कार घालणारा कारकून आणि लोणावळ्याला जाऊन नौली, म्हणजे पोटाचे स्नायू फिरवण्याची योगक्रिया, शिकणारा साधक ही त्या काळात तीन वेगळ्या वाटांनी चालणारी माणसे होती. पुढे या वाटा एकमेकींत मिसळल्या आणि सगळे पहिल्यापासून एकच होते असा समज रूढ झाला.

त्या दशकात व्यायामाची जी लाट महाराष्ट्रात आली, तिचे स्पष्टीकरण बहुधा दोनच शब्दांत दिले जाते: परंपरा आणि राष्ट्रभक्ती. दोन्ही कारणे खरी आहेत, पण अपुरी आहेत. परंपरेत शेकडो व्यायामप्रकार होते. त्यांतला नेमका एखादाच घरोघरी का पोहोचला आणि बाकीचे का मागे पडले, हे त्यांवरून कळत नाही. ते कळण्यासाठी लोक राहत कसे होते, खात काय होते, कामावर किती वाजता जात होते आणि कशाला घाबरत होते, हे पाहावे लागते.

भीतीपासूनच सुरुवात करू. १९२१ ते १९३१ या काळात हिंदुस्थानातले सरासरी आयुर्मान सुमारे २७ वर्षे होते आणि त्यापुढच्या दहा वर्षांत ते जेमतेम ३२ पर्यंत पोहोचले. या आकड्याचा अर्थ लोक सत्ताविसाव्या वर्षी मरत असा नव्हे. जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत दगावणाऱ्या मुलांची संख्या प्रचंड असल्यामुळे सरासरी खाली ओढली जाई. बालपण पार केलेला माणूस पन्नाशी-साठी गाठू शकत असे. तरीही मृत्यू घराच्या उंबऱ्याशी असे, यात शंका नाही. १८९६ साली आलेल्या प्लेगच्या आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या आठवणी त्या पिढीच्या मनात ताज्या होत्या. हिवताप आणि क्षय तर बारमाही होते. पेनिसिलिन सर्वसामान्यांच्या हाती येण्यास अजून बराच अवकाश होता आणि सल्फा गटातली औषधे दशकाच्या उत्तरार्धात कुठे वापरात येऊ लागली होती. क्षयरोग्याला डॉक्टर मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार यांपलीकडे फारसे काही देऊ शकत नव्हते.

अशा काळात व्यायामाकडे पाहण्याची दृष्टी आजच्यापेक्षा मुळातच वेगळी होती. वजन उतरवण्यासाठी व्यायाम करणारा माणूस तेव्हा विरळा. अंगावर मूठभर मांस चढावे, छाती रुंदावावी, शरीर काटक व्हावे आणि आजार आला तर तो परतवता यावा, यासाठी व्यायाम केला जाई. आपल्या प्रजेचे शरीर दुर्बल आहे असे राज्यकर्ते सतत सुचवत असत. सैन्यभरतीत ‘लढवय्या’ आणि ‘बिगरलढवय्या’ जाती अशी प्रतवारीच त्यांनी लावली होती. त्यामुळे शाळकरी मुलाची छाती किती इंच फुगते हा प्रश्न घरगुती न राहता राष्ट्रीय झाला होता.

तालीम आणि तिचा खर्च

महाराष्ट्रात व्यायामाची जुनी, भक्कम व्यवस्था होती ती तालमींची. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. शहरातल्या पेठापेठांत तालमी होत्या. पुण्यातही तसेच होते. तालमीत शिरताच मारुतीची मूर्ती, मग हौदा. हौद्यातली तांबडी माती चाळून घेतलेली असे आणि तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबाचा रस, कापूर असे जिन्नस मुरवलेले असत. त्यामागे शोभेचा विचार नव्हता. माती मऊ राहावी, अंग खरचटले तर चिघळू नये आणि घामाला दुर्गंधी येऊ नये, हा त्यातला व्यवहार होता. जोर, बैठका, सपाट्या, जोडी (लाकडी मुद्गल) फिरवणे, मल्लखांब आणि शेवटी वस्तादाच्या नजरेखाली लढती, असा मेहनतीचा क्रम असे.

या पद्धतीने कसलेली शरीरे घडत, पण ती सर्वांसाठी नव्हती. पहिली अडचण खुराकाची. हजार-हजार जोर-बैठका मारणाऱ्या तरुणाला दूध, तूप, बदाम आणि थंडाई यांचा रतीब लागतो. इतकी मेहनत करून पोट अर्धे ठेवले तर शरीर वाढण्याऐवजी झिजते, कारण स्नायू बांधायला प्रथिने लागतात आणि रोजच्या हालचालीसाठी उष्मांक; दोन्ही कमी पडले की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव निम्म्याच्या आसपास कोसळले. ज्या शेतकरी घरांतून पैलवान येत, त्यांच्याच हातातला पैसा आटला. संस्थानिकांचा आश्रय लाभलेले मल्ल टिकून राहिले. बाकीच्यांना खुराक परवडेनासा झाला, हे ओघानेच आले.

दुसरी अडचण प्रवेशाची होती. स्त्रियांना तालमीचा उंबरा बंद होता आणि अनेक ठिकाणी जातीची कुंपणेही होती. तिसरी अडचण वेळेची. मेहनत, मालिश, आंघोळ, खुराक आणि विश्रांती असा पैलवानाचा दिवस त्याच्या शरीराभोवती आखलेला असतो. ज्याचा दिवस गिरणीच्या भोंग्याभोवती किंवा कचेरीच्या हजेरीपटाभोवती आखलेला आहे, त्याने काय करावे?

आणि असे लोक झपाट्याने वाढत होते. मुंबईत १९२५ साली उपनगरी गाडी विजेवर धावू लागली, १९२८ साली पश्चिमेकडची चर्चगेट–बोरिवली गाडीही विजेची झाली, आणि दादर, पार्ले यांसारख्या भागांत राहून फोर्टातल्या कचेरीत खुर्चीवर दिवस काढणारा मराठी मध्यमवर्ग तयार झाला. गिरणगावात १९३४ च्या कारखाना कायद्याने कामाची मर्यादा दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तास अशी ठरवली, म्हणजे त्याआधी ती किती होती याची कल्पना करता येते. वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड इथे उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत एक कुटुंब, कधी दोन, कधी गावाकडून आलेले आठ-दहा गडी पाळीपाळीने झोपत. पहाटे वळकट्या गुंडाळून भिंतीशी लावल्या, चूल पेटण्याआधीची दहा-पंधरा मिनिटे मिळाली आणि मजल्यावरच्या सामाईक नळावर नंबर लागायला अजून अवकाश असला, तर खोलीच्या मधोमध एका माणसाला लांब होऊन निजता येईल एवढी फरशी मोकळी होई. व्यायामाला जागा होती ती एवढीच.

औंधचे राजे आणि सहा फूट जागा

त्या सहा फुटांत बसणारा व्यायाम सातारा भागातल्या औंध या छोट्या संस्थानातून आला. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे १९०९ पासून औंधचे अधिपती. पदवीधर, चित्रकार, कलासंग्राहक, कीर्तनाची आवड असलेले, असे हे बहुढंगी गृहस्थ होते. त्यांच्या व्यायामाची सुरुवात मात्र सूर्यनमस्कारांनी झाली नाही, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. १८९७ च्या सुमारास त्यांनी युजीन सँडो या जगप्रसिद्ध शक्तिपटूची पुस्तके आणि उपकरणे मागवली आणि जवळजवळ दहा वर्षे त्याच्याच पद्धतीने डंबेल्स घेऊन व्यायाम केला. सँडो तेव्हा टपालाने व्यायाम विकणारा जगातला सर्वांत यशस्वी माणूस होता. पुढे १९०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला आणि त्याच्या खेळांना गर्दी लोटली. १९०८ मध्ये मिरजेच्या अधिपतींच्या आग्रहावरून भवानरावांनी नमस्कार सुरू केले आणि मग आयुष्यभर सोडले नाहीत.

नमस्कार ही काही त्यांची निर्मिती नव्हे. समर्थ संप्रदायात आणि तालमींत नमस्कार पूर्वापार घातले जात. भवानरावांनी केले ते असे की, त्या जुन्या नमस्काराला सँडोची शिस्त लावली. स्थिती ठरवून दिल्या आणि त्यांना क्रमांक दिले. प्रत्येक स्थितीत हात कुठे, गुडघा कुठे, हनुवटी कुठे, हे छायाचित्रांसह छापले. वयानुसार किती नमस्कार घालायचे हे सांगितले. श्वास आणि मंत्र यांची सांगड घातली. म्हणजे वस्तादाशिवाय, केवळ पुस्तक समोर उघडे ठेवून शिकता येईल, असा हा व्यायाम झाला. छपाई स्वस्त झालेली होती आणि वाचणारा वर्ग वाढत होता, म्हणूनच हे शक्य झाले. औंध संस्थानातच १९१० पासून किर्लोस्करवाडी उभी होती आणि तिथून ‘किर्लोस्कर’ व १९३० पासून ‘स्त्री’ ही मासिके निघत होती. वेदाभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधमध्येच स्वाध्याय मंडळ चालवत होते आणि आसने व सूर्यनमस्कार यांवर लिहीत होते. एका लहानशा संस्थानात छापखाना, मासिके, राजाची इच्छा आणि पंडिताची लेखणी एकत्र आली होती.

आता व्यायाम म्हणून नमस्कारात नेमके काय घडते ते पाहू. औंधच्या पद्धतीत दहा स्थिती आहेत. ताठ उभे राहून हात जोडणे, कमरेतून वाकून तळवे जमिनीला टेकणे, एक पाय मागे नेणे, दुसराही नेणे, साष्टांग खाली येणे, छाती उचलून मान मागे घेणे, कंबर वर उचलणे, एक पाय पुढे आणणे, पुन्हा वाकलेली स्थिती आणि पुन्हा उभे राहणे. सातव्या स्थितीपर्यंत शरीर खाली जाऊन उलटते आणि पुढच्या तीन स्थितींत गेले त्याच वाटेने परत येते.

यातला प्रत्येक टप्पा खुर्चीवर बसणाऱ्याच्या एकेका दुखण्यावर बोट ठेवतो. दिवसभर बसून मांडीच्या मागचे स्नायू आखडतात. पुढे वाकताना ते ताणले जातात. बसल्यामुळे जांघेतले स्नायू आखूड होतात. एक पाय मागे नेल्यावर ते उघडतात. टेबलावर वाकून पाठीला पोक येतो; भुजंगासारखी छाती उचलताना कणा उलट दिशेने वाकतो. साष्टांगासाठी खाली येताना शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग दोन्ही हातांवर येतो, म्हणजे तालमीतला जोर यात आपोआप येतो. आणि हे सगळे न थांबता, मिनिटाला आठ-दहा या गतीने चालू ठेवले, तर हृदय आणि फुप्फुसांनाही काम पडते. हाच व्यायाम संथ केला तर ताण देणारा होतो आणि जलद केला तर दमसासाचा होतो. साहित्य काहीच बदलावे लागत नाही.

मंत्रांचा उपयोग समजून घेण्यासाठी श्रद्धाळू असण्याची गरज नाही. ‘मित्राय नमः’पासून ‘भास्कराय नमः’पर्यंत सूर्याची बारा नावे आहेत; ती घेतली की बारा नमस्कार मोजले जातात. शिवाय मोठ्याने उच्चार करताना श्वास बाहेर पडतोच. जोर लावताना श्वास कोंडून धरण्याची नवशिक्याची खोड असते आणि त्यामुळे रक्तदाब एकदम चढतो. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही. भवानराव बीजमंत्रांच्या कंपनांमुळे शरीरातल्या अवयवांना लाभ होतो असे मानत, पण मला वाटते की त्यांच्या पद्धतीचे यश या साध्या मोजदादीत आणि श्वासात अधिक होते.

औंधच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे करण्यात आले, मुलींनाही. ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. स्त्रियांचा व्यायाम म्हणजे दळण, कांडण आणि पाणी भरणे, असे मानणाऱ्या समाजाला राजा सांगत होता की घरकामाने शरीर झिजते, घडत नाही, आणि व्यायाम वेगळा करावा लागतो. तो घरातच, दार लावून करता येत असल्यामुळे त्याला विरोध करणाऱ्यांचे हातही बांधले गेले. गमतीची बाब अशी की, जुन्या वळणाचे काष्ट्याचे नऊवारी लुगडे नमस्काराला सोयीचे होते. शहरांत नव्याने आलेले पाचवारी पातळ पाय मागे नेताना आडवे येई.

१९३६ साली भवानराव इंग्लंडला गेले. तिथल्या ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्राच्या पत्रकार लुईस मॉर्गन यांनी साठी उलटून गेलेल्या या राजाचे शरीर आणि उत्साह पाहून त्यांच्यावर लेख लिहिले आणि १९३८ मध्ये लंडनहून भवानरावांचे इंग्रजी पुस्तक निघाले. इंग्रज वाचकांसाठी, त्यातही स्त्रियांसाठी, ही तरुण राहण्याची युक्ती होती. पुस्तकाच्या नावातच ‘दहा’ हा आकडा होता. सँडोचा व्यायाम लंडनहून औंधला आला होता. चाळीस वर्षांनी औंधचा व्यायाम त्याच वाटेने उलटा गेला.

भवानरावांचे सगळेच दावे स्वीकारण्याजोगे आहेत असे नाही. बहुतेक रोगांवर नमस्कार हाच उपाय, असा त्यांचा सूर असे. जो माणूस आयुष्यात कधीच व्यायाम करत नव्हता त्याने रोज अर्धा तास काहीही नियमाने केले तरी त्याची झोप, भूक आणि पचन सुधारते. ते श्रेय नमस्काराच्या विशिष्ट रचनेला किती आणि नियमितपणाला किती, हे वेगळे करण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती.

लोणावळ्याची प्रयोगशाळा

ते वेगळे करण्याचा प्रयत्न दुसऱ्या एका माणसाने केला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. त्यांचे व्यायामातले गुरू बडोद्याचे राजरत्न माणिकराव, तर योगातले गुरू परमहंस माधवदास. वर उल्लेख केलेले श्रीयोगेंद्रही माधवदासांचेच शिष्य. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी एक मुंबईत आणि एक लोणावळ्याला अशा दोन संस्था काढून योग संन्याशाच्या मठीतून गृहस्थाच्या बैठकीत आणला.

कुवलयानंदांची दृष्टी अशी की, योगाच्या क्रियांचे वर्णन ग्रंथांत आहे म्हणून त्या मानायच्या नाहीत. शरीरात काय होते ते मोजायचे. उड्डियान आणि नौली यांवरचे त्यांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून, पुन्हा आत न घेता, पोट आत आणि वर खेचतात. नौलीत त्या स्थितीत पोटाचे मधले उभे स्नायू वेगळे काढून फिरवतात. हठयोगी नौलीच्या बळावर पाण्यात बसून बस्ती घेतात, म्हणजे आतड्यात पाणी ओढून घेतात, असे परंपरा सांगत आली होती. कुणी म्हणे ही प्राणाची शक्ती, कुणी म्हणे हे थोतांड. कुवलयानंदांनी साधकाच्या आतड्यात नळी घालून ती दाब मोजणाऱ्या उपकरणाला जोडली. नौली करताना आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे दिसले. दाब आत कमी आणि बाहेर जास्त असला की पाणी आपोआप आत ढकलले जाते. गूढ काही उरले नाही. छातीचा पिंजरा फुगवला आणि पोटाची भिंत उचलली की आतली पोकळी वाढते, तिच्यात भरायला हवा नाही, म्हणून दाब घसरतो. क्ष-किरणांनीही त्यांनी या क्रियांचे निरीक्षण केले.

याच शिस्तीत त्यांनी सगळीच विधाने तपासली असती तर बरे झाले असते. आसनांचा अंतःस्रावी ग्रंथींवर होणारा परिणाम त्या काळात फार चर्चेत होता. सर्वांगासनाने गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला रक्त अधिक मिळते आणि तिचे काम सुधारते, ही समजूत तेव्हापासून रूढ झाली. रक्त अधिक मिळाले म्हणजे ग्रंथीचा स्राव सुधारला असे मात्र होत नाही, कारण तो स्राव मेंदूतल्या पिच्युटरी ग्रंथीच्या आज्ञेवर चालतो. तरीही योगाविषयी बोलताना ‘मोजून पाहू’ असे म्हणणारी भाषा मराठी मुलखात प्रथम लोणावळ्याला ऐकू आली, हे श्रेय मोठे आहे. १९३६ पर्यंत कैवल्यधामाची शाखा मुंबईत चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हला आली आणि कचेरीतून सुटलेली माणसे तिथे अपचनावर उपाय म्हणून आसने शिकू लागली. १९३७ साली डेक्कन जिमखान्याच्या निमंत्रणावरून म्हैसूरहून एक अठरा वर्षांचा, किरकोळ अंगाचा, मराठीचा गंध नसलेला योगशिक्षक सहा महिन्यांसाठी पुण्यात आला आणि कायमचा पुणेकर झाला. त्याचे नाव बी. के. एस. अय्यंगार.

कवायत, खेळ आणि थट्टा

घरातल्या आणि योगवर्गातल्या या एकट्याच्या व्यायामाखेरीज सांघिक व्यायामाचेही ते दशक होते. माणिकरावांनी बडोद्याला सामुदायिक कवायतीला देशी आज्ञा दिल्या होत्या. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून काम करत होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने त्याच्या पथकाने तिथे मल्लखांबासह देशी व्यायामप्रकार आणि हुतूतू (कबड्डी) करून दाखवले. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांचे महाराष्ट्रीय मंडळ, दादरला समर्थ व्यायाम मंदिर, नागपुरात १९२५ पासून संघाच्या शाखा, आंबेडकरी चळवळीत समता सैनिक दल. उद्दिष्टे वेगवेगळी, काही तर परस्परविरोधी, पण रांगेत उभे राहून एका आज्ञेवर शरीर हलवणे सगळीकडे होते. खो-खो आणि हुतूतू यांचे गावोगावचे निराळे नियम एकसारखे करण्याचे काम अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने याच काळात केले. १९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले तेव्हा शारीरिक शिक्षणाची समिती कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली आणि १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. शाळेच्या वेळापत्रकातला खेळाचा तास आणि शिट्टी गळ्यात अडकवलेले ड्रिलमास्तर यांची मुळे इथे सापडतात.

एखादी लाट किती पसरली हे तिच्या थट्टेवरून कळते. १९३८ साली आचार्य अत्रे यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रह्मचारी’ हा चित्रपट आला. व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्य आणि शरीरसाधना यांचा ध्यास घेतलेला तरुण हा त्याचा नायक. प्रेक्षक पोट धरून हसले, कारण असा एक तरी तरुण प्रत्येकाच्या आळीत होता. त्याच चित्रपटात पोहण्याच्या पोशाखात दिसलेल्या मीनाक्षी शिरोडकर यांच्यावरून वादळ उठले. पुरुषाचे उघडे, पिळदार शरीर राष्ट्रकार्यात मोडत होते आणि स्त्रीचे शरीर मात्र अजूनही वादाचा विषय होते.

ताटात काय होते

व्यायामाइतकाच वाद आहारावर चाले. चहा मंडळाची माणसे गावोगाव फिरून चहाचा प्रचार करत होती आणि व्यायामाचे पुरस्कर्ते, भवानरावही त्यांत आले, चहाला विष ठरवत होते. चहा जिंकला, हे सांगायला नको. भाताच्या बाबतीत मात्र जुन्याच्या बाजूने शास्त्र उभे राहिले. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी १९२० च्या दशकात उंदरांच्या गटांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांतले आहार खाऊ घातले. गव्हाची चपाती, दूध, डाळ आणि भाजी असा पंजाबी आहार मिळालेले उंदीर सर्वांत धडधाकट निघाले आणि मुख्यतः तांदळावर वाढलेले सर्वांत कमजोर. गिरणीत सडून पांढराशुभ्र केलेल्या तांदळाचा कोंडा जातो आणि कोंड्याबरोबर ‘ब’ जीवनसत्त्वही जाते, हे सुशिक्षितांच्या बोलण्यात येऊ लागले. १९३४ नंतर गांधीजींनी वर्ध्याहून ग्रामोद्योगाचा भाग म्हणून हातसडीच्या तांदळाचा प्रचार सुरू केला, तेव्हा अर्थकारण आणि आहारशास्त्र एकाच मुसळाखाली आले. दरम्यान १९३७ साली ‘डालडा’ बाजारात आले. तूप परवडत नसलेल्या घरांत त्याच्या डब्याने जागा मिळवली आणि पैलवानांच्या खुराकाची उरलीसुरली मिजास तिथेच संपली.

तालीम संपली नाही. ती कोल्हापूर-सांगलीकडे जोमाने चालू राहिली आणि स्वातंत्र्यानंतर तिला नवे आश्रयदाते मिळाले. पण शहरात सर्वसामान्य माणसाचा व्यायाम म्हणून टिकला तो नमस्कारच. १९४८ साली औंध संस्थान विलीन झाले आणि शाळेतली सक्ती गेली. तोपर्यंत तो इतर प्रांतांत पसरला होता. बंगळूरच्या के. व्ही. अय्यर यांच्यासारख्या शरीरसौष्ठवपटूनेही त्यावर पुस्तक काढले होते. नंतरच्या दशकांत योगशिक्षकांनी त्याला आपलेसे केले आणि प्रत्येक स्थितीला आसनाचे नाव दिले. ताठ उभे राहिल्यावर हात डोक्यावर नेऊन मागे झुकण्याची एक स्थिती सुरुवातीला आणि तीच पुन्हा शेवटी, अशी दोन अंगे त्यात जोडली गेली. म्हणून आज बहुतेक वर्गांत बारा अंकांचा सूर्यनमस्कार शिकवला जातो; कुणी हात जोडून थेट खाली वाकत असेल आणि दहा अंकांत परत उभा राहत असेल, तर त्याला शिकवणाऱ्यांची परंपरा बहुधा औंधपर्यंत पोहोचते.